डोळ्याचा पडदा आणि माजी सैनिकांचं इस्पितळ

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढाया आणि मोहिमा यांच्यावर बोलतो. आज लढाई नाही. आज डोळ्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही डोळ्याच्या आतल्या एका पातळ पडद्याबद्दल, ज्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. मी सिग्नल्सचा माणूस, डॉक्टर नव्हे. हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो.

माझ्याबरोबर बरीच वर्षं काम केलेले एक सुभेदार साहेब आहेत, सातारा जिल्ह्यातले. आमच्याकडे फौजेत अधिकारी सुभेदाराला साहेब म्हणतो आणि सुभेदार अधिकाऱ्याला साहेब म्हणतो. निवृत्तीनंतरही ते सुटत नाही. साहेबांना मधुमेह. निवृत्त झाल्यावर गावी शेती बघायला लागले आणि साखर तपासायचं राहून गेलं. डोळ्यांत काळे ठिपके तरंगायला लागले तेव्हा तपासणी झाली. मग लेसर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. एक डोळा आता जवळजवळ गेलेला आहे, दुसरा वाचवायची धडपड चालू आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, "साहेब, तुम्ही वाचत असता. लेसरच्या आधीच देता येईल असं काही औषध निघतंय का बघा. माझ्यासाठी नको, पोराची साखरपण वाढलेली निघाली."

मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता कबुतरांपर्यंत पोचलो. ते कसं, ते सांगतो.

तरुणपणी रात्रीच्या गस्तीचं प्रशिक्षण घेताना आमचे उस्ताद एक गोष्ट घोकून घ्यायचे. अंधारात जे बघायचंय त्याच्याकडे सरळ बघू नका, थोडं बाजूला बघा, म्हणजे दिसेल. आम्हाला ती उस्तादांची लहर वाटायची. पण ते अगदी खरं होतं. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, त्या सुमारे १२ कोटी. शंकूपेशी दिवसा काम करतात आणि रंग दाखवतात, त्या ६० लाखांच्या आसपास. पडद्याच्या अगदी मध्यबिंदूत, म्हणजे सरळ बघताना जिथे प्रतिमा पडते तिथे, दंडपेशी नसतातच. म्हणून रात्री सरळ बघणारा आंधळा आणि तिरका बघणारा डोळस. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो, हेही तेव्हाच शिकलो. कुणी काडी ओढली की सगळ्या तुकडीचा अर्धा तास वाया.

आता सिग्नल्सवाल्याच्या नजरेने हा हिशोब बघा. एका बाजूला तेरा कोटींच्या घरात टिपणारे, आणि मेंदूकडे जाणाऱ्या तारा किती? दहा-बारा लाख. म्हणजे पडदा हा निव्वळ कॅमेऱ्याची फिल्म असूच शकत नाही. मध्ये एक्स्चेंज आहे. तिथे निरोप गाळले जातात, जुळवले जातात, काही दाबले जातात, काही वाढवले जातात. हे एक्स्चेंज ज्याने प्रथम नीट रेखाटलं तो स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल. १८९३ मध्ये त्याने पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर मोठा ग्रंथ-लेख प्रसिद्ध केला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि जे दिसेल ते हाताने काढायचं. त्या चित्रांमध्ये एक चमत्कारिक पेशी होती. इतर चेतापेशींना निरोप नेणारा लांब तंतू असतो, हिला तो नव्हताच. काहालने तिला अमाक्राइन नाव दिलं, म्हणजे लांब तंतू नसलेली. ती मेंदूकडे काही पाठवत नाही. पडद्यातल्या पडद्यातच शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलते. काय बोलते, कोणत्या भाषेत बोलते, हे पुढली ऐंशी वर्षं धड कळलं नाही.

ती भाषा कळायला सुरुवात झाली ती डोळ्यापासून नव्हे, आतड्यापासून.

१९३१ साली उल्फ फॉन ऑयलर नावाचा तरुण स्वीडिश शास्त्रज्ञ लंडनला हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत आला होता. तो प्राण्यांच्या आतड्याचा अर्क काढून त्यात एक ठराविक रसायन शोधत होता. त्या रसायनाचा परिणाम थांबवणारं औषध माहीत होतं. ते देऊनही अर्काचा परिणाम थांबेना, सशाचं आतडं आकुंचन पावतच राहिलं. म्हणजे अर्कात आणखी काहीतरी होतं. त्याने आणि जॉन गॅडम यांनी ते प्रसिद्ध केलं. पावडरच्या रूपात होतं म्हणून पावडरचा पी, एवढ्यावरून त्याचं नाव पडलं सबस्टन्स पी. ते नेमकं काय आहे हे समजायला चाळीस वर्षं गेली. सुझन लीमन या अमेरिकन बाई गुरांच्या मेंदूतून भलतंच काहीतरी वेगळं करायचा प्रयत्न करत होत्या. एक अर्क टोचला की उंदरांच्या तोंडाला लाळ सुटायची. त्यांनी त्या लाळेचा पाठपुरावा केला आणि १९७० मध्ये कळलं की हा तोच जुना सबस्टन्स पी. ११ अमिनो आम्लांची छोटी साखळी. अशा छोट्या साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि चेतापेशी निरोप देण्यासाठी त्या वापरतात तेव्हा न्यूरोपेप्टाइड.

आता मला ज्या जागेबद्दल बोलायचं आहे तिथे येतो. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी इस्पितळांचं मोठं जाळं आहे. आपल्याकडे माजी सैनिकांना ईसीएचएस आहे, पण त्यांच्याकडे इस्पितळांतच प्रयोगशाळाही चालतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या अशा एका इस्पितळात १९४७ पासून रोझलिन यॅलो काम करू लागल्या. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट, पण बाई, आणि ज्यू. मोठ्या विद्यापीठांची दारं सहज उघडणारी नव्हती. इस्पितळात त्यांनी पहिली प्रयोगशाळा मांडली ती सफाई कामगाराच्या झाडू-बादल्यांच्या खोलीत. १९५० मध्ये सोलोमन बर्सन हे डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इन्सुलिन रुग्णांना टोचलं आणि ते रक्तातून किती वेळात नाहीसं होतं ते मोजलं. ज्यांनी आधी इन्सुलिन घेतलेलं होतं, त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकत होतं. कारण तेव्हाचं इन्सुलिन जनावरांचं असायचं, आणि शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली होती. ती इन्सुलिनला धरून ठेवत होती.

इतकं छोटं पेप्टाइड प्रतिपिंडं निर्माण करू शकतं, हे तेव्हाच्या जाणत्यांना पटेना. १९५५ मध्ये लेख नाकारला गेला. तो नकाराचं पत्र यॅलो बाईंनी जपून ठेवलं आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात दाखवलं. मला हे फार आवडलं. पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. प्रतिपिंड इन्सुलिनला नेमकं ओळखून पकडतं ना, मग त्याच पकडीचा वापर करून रक्तातलं अगदी नगण्य इन्सुलिनसुद्धा मोजता येईल, हे त्यांनी ओळखलं. हीच ती रेडिओइम्युनोअसे नावाची पद्धत. दोघांनी तिचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले. बाईंनी प्रयोगशाळेलाच त्यांचं नाव दिलं, म्हणजे पुढच्या प्रत्येक लेखावर बर्सन हे नाव छापलं जाणार. फौजेत आम्ही पडलेल्या साथीदाराचं नाव बराकीला देतो, मैदानाला देतो. त्याचीच ही बहीण.

त्या वर्षीचं नोबेल तिघांत वाटलेलं होतं. दुसरे अँड्र्यू शॅली, हेही माजी सैनिकांच्याच इस्पितळात, न्यू ऑर्लीन्सला. तिसरे रॉजर गियेमँ. हे दोघं एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून हार्मोन काढायचे म्हणून एक डुकरांच्या मेंदूंच्या मागे आणि दुसरा मेंढ्यांच्या. गियेमँ यांनी तीन लाख मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून एक मिलिग्रॅम हार्मोन मिळवलं. आमच्या पुरवठा खात्यालाही घाम फुटेल असा हा कारभार. १९७३ मध्ये गियेमँ यांच्याच प्रयोगशाळेत वाढीच्या हार्मोनला आवर घालणारं १४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड सापडलं. त्याचं नाव सोमॅटोस्टॅटिन. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. दोन वर्षांनी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला डुकरांच्या मेंदूत एन्केफॅलिन सापडलं, शरीरातच तयार होणारी अफूसारखी पेप्टाइडं.

म्हणजे १९७५ च्या सुमाराला अशी स्थिती होती, की पेप्टाइडं हातात आहेत आणि त्यांना नेमकं ओळखणारी प्रतिपिंडंही करता येतात. आता त्या प्रतिपिंडांवर चमकणारा रंग चढवून ती मेंदूच्या कापावर सोडली, तर पेप्टाइड ज्या पेशीत असेल ती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उजळून निघेल. ही चमकत्या प्रतिपिंडांची कल्पना अल्बर्ट कून्स यांची. ती १९४१ मध्ये सुरू झाली, मग कून्स सैन्यात गेले आणि युद्ध संपेपर्यंत काम अडकून पडलं.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात हार्वे कार्टन हे डॉक्टर होते. पक्ष्यांच्या मेंदूत त्यांनी आयुष्य घातलं होतं. कबुतराच्या मेंदूचा नकाशा त्यांनी विल्यम होडोस यांच्याबरोबर १९६७ मध्येच छापला होता. त्यांच्याबरोबर निकोलस ब्रेका नावाचा तरुण काम करत होता. आज आपण ज्या माणसाच्या निमित्ताने बोलतोय तो हा. दोघांनी कबुतराच्या डोळ्याचा पडदा घेतला. कबूतरच का? पक्षी डोळ्यांवर जगतो, त्याच्या पडद्यात अमाक्राइन पेशींची गर्दी आणि गुंतागुंत मोठी असते. (कबुतरांबद्दल आम्हा सिग्नल्सवाल्यांना जरा जास्तच माया. १९४६ मध्ये लष्कराने ओडिशाच्या पोलिसांना निरोप नेणारी २०० कबुतरं दिली होती, आणि ती सेवा तिथे पुढे कित्येक दशकं चालली. असो.)

१९७९ मध्ये ब्रेका, कार्टन आणि लॅव्हरॅक यांनी दाखवून दिलं, की कबुतराच्या पडद्यातल्या काही अमाक्राइन पेशींमध्ये एन्केफॅलिन आहे. १९८० मध्ये कार्टन आणि ब्रेका यांनी नेचरमध्ये लिहिलं, की दुसऱ्या काही अमाक्राइन पेशींमध्ये सबस्टन्स पी आहे. १९८१ मध्ये आणखी दोन सापडली, न्यूरोटेन्सिन आणि सोमॅटोस्टॅटिन. प्रत्येक पेप्टाइडची पेशी वेगळ्या आकाराची, तिच्या फांद्या पडद्याच्या वेगवेगळ्या थरांत पसरलेल्या. म्हणजे काहालने ज्या पेशीला एक नाव दिलं होतं ती एक जात नव्हती, तो अख्खा गाव होता. प्रत्येक आळीची बोली वेगळी. आता उंदराच्या पडद्यात साठाहून जास्त प्रकारच्या अमाक्राइन पेशी मोजल्या गेल्या आहेत.

त्या लेखांतला एक शब्द मला अधिकारी म्हणून भावला. १९८१ च्या लेखाच्या शीर्षकातच ते न्यूरोटेन्सिन आहे असं म्हणत नाहीत, न्यूरोटेन्सिन-सदृश म्हणतात. कारण प्रतिपिंडाने पकडलेली वस्तू हुबेहूब तीच असेल याची हमी नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी साखळीही असू शकते. आम्ही नव्या पोरांना गस्तीचा अहवाल लिहायला शिकवायचो तेव्हा हेच सांगायचो. 'शत्रूची जीप दिसली' लिहू नकोस, 'जीपसारखं वाहन दिसलं' लिही. डोळ्याने दिसलं तेवढंच कागदावर. या एका शब्दाच्या आळसापायी किती तोफगोळे रिकाम्या टेकड्यांवर पडले आहेत, त्याची गणती नाही.

पुढे ब्रेका लॉस एंजलिसला गेले. विद्यापीठ तर होतंच, पण त्यांच्या लेखांवर दुसरा पत्ता असायचा माजी सैनिकांच्या इस्पितळाचा, आणि तिथल्या अल्सरवर संशोधन करणाऱ्या केंद्राचा. डोळ्याच्या पडद्यावर काम करणारा माणूस अल्सरच्या केंद्रात काय करतो, हा प्रश्न मलाही पडला होता. पण आतड्याचा सबस्टन्स पी आठवा. पेप्टाइडं आतड्यात आणि डोळ्यात तीच. पोटाचे डॉक्टर आणि डोळ्याचा अभ्यासक एकाच कपाटातल्या बाटल्या वापरू शकत होते.

मग वर्षांमागून वर्षं तेच काम, कधी कबूतर, कधी ससा, कधी उंदीर. १९८७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सशात दाखवलं, की सबस्टन्स पी नुसतं गावातल्या गप्पांत नाही. मेंदूकडे तारा नेणाऱ्या काही गँग्लियन पेशींतही ते आहे, आणि त्या तारा मेंदूत कुठे पोचतात तेही त्यांनी शोधलं. २००० साली सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पडद्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातही ब्रेका होते. सोमॅटोस्टॅटिन सोडलं तर दंडपेशींतला कॅल्शियमचा प्रवाह कमी होतो आणि शंकूपेशींतला वाढतो. कॅल्शियम आत आला की पेशी निरोप सोडते. म्हणजे एकच पेप्टाइड रात्रीच्या पहारेकऱ्याचा आवाज खाली आणतं आणि दिवसाच्या पहारेकऱ्याचा वर नेतं. हे वाचलं आणि मला आमचे उस्ताद आठवले. पहारा बदलताना हुकूम कोण देतो, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता आणि आम्हीही नाही.

ब्रेकांना नोबेल मिळालेलं नाही. त्यांचं नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलं असण्याची शक्यता मला कमी वाटते. यॅलो, शॅली, गियेमँ यांच्या गोष्टी सांगायला सोप्या, कारण तिथे स्पर्धा आहे, नकाराचं पत्र आहे, शेवटी राजाच्या हातून पदक आहे. पण शिखर सर झाल्यावर तिथे टेलिफोनची लाइन ओढत जाणारी तुकडी कुणाच्या कवितेत येत नाही. माझी सगळी नोकरी त्या तुकडीत गेली, त्यामुळे माझा कल कुणीकडे आहे ते तुम्ही ओळखलं असेलच.

आता सुभेदार साहेबांच्या प्रश्नाकडे.

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, हे सगळ्यांना माहीत. डॉक्टर तेच बघतात आणि लेसरही तिथेच मारतात. पण अलीकडच्या संशोधनातून असं दिसतं, की बऱ्याच रुग्णांत रक्तवाहिन्यांची खराबी दिसायच्या आधीच पडद्यातल्या चेतापेशी मरायला लागलेल्या असतात. २००७ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेले डोळे तपासले. मधुमेही माणसांच्या पडद्यात सोमॅटोस्टॅटिन कमी होतं आणि मरणाऱ्या पेशी जास्त. तेच पेप्टाइड, जे १९८१ मध्ये कबुतराच्या अमाक्राइन पेशीत उजळलं होतं. मग विचार असा निघाला, की जे कमी पडतंय ते थेंबांतून द्यावं.

युरोपात तशी चाचणी झाली. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेले ४४९ रुग्ण, डोळ्यांची खराबी अगदी सुरुवातीची किंवा अजून नाहीच. काहींना सोमॅटोस्टॅटिनचे थेंब, काहींना ब्रिमोनिडिन नावाच्या औषधाचे, काहींना नुसते औषधाविनाचे थेंब. दोन वर्षं रोज दोनदा. २०१९ मध्ये निकाल छापून आला. सगळे रुग्ण एकत्र धरले तर थेंबांचा फायदा दिसला नाही. पण ज्यांच्या पडद्यातल्या चेतापेशींचं काम सुरुवातीलाच बिघडलेलं होतं, त्यांच्यात औषधाविना थेंब मिळालेल्यांची अवस्था आणखी बिघडली, आणि औषध मिळालेल्यांची बिघडली नाही. दुसरं असं दिसलं, की बऱ्याच रुग्णांत चेतापेशींचा बिघाड नव्हताच. म्हणजे आधी कुणाला गरज आहे हे ओळखायचं, मग थेंब द्यायचे. नेहमीच्या वापरातलं औषध यातून अजून झालेलं नाही.

मी साहेबांना फोन केला. घडाघडा सगळं सांगितलं, कबुतरांपासून बार्सिलोनापर्यंत. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे अजून नाही."

"अजून नाही, साहेब."

"पण पोराला आत्ताच डोळे तपासायला सांगायचे."

"आत्ताच. काही दिसत नसलं, तरी. बाहुली मोठी करून पडदा बघतात तो तपास, दरवर्षी."

"ते मी त्याला सांगतोय गेले सहा महिने," साहेब म्हणाले. "तो म्हणतो, मला तर सगळं स्वच्छ दिसतंय. तुम्हीच एकदा रागवा त्याला, साहेब. माझं ऐकत नाही."

त्यांनी नंबर दिला. मी रविवारी त्या मुलाला फोन केला, जवळजवळ अर्धा तास बोललो. दिवाळीच्या आधी साताऱ्याला जाऊन दाखवून येतो म्हणाला. मी तारीख मागितली. तारीख दिली त्याने.